शिंदी, मुळी आणि गोळी

पैनगंगेच्या दक्षिणेला, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला आणि जैनथ मंडलांत, कापूस घरात आला की माणसांची झोप जाते. कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर कापसात 8 टक्क्यांपर्यंत ओलावा निघाला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. मग खासगी व्यापारी म्हणेल तो भाव. बी-बियाण्याची उधारी, बँकेचं कर्ज, लेकीचं लग्न, सगळं त्या ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या काट्यावर अडकलेलं असतं. अशा दिवसांत बायका सांगतात, "जीव खाली-वर होतो." पुरुष बहुधा सांगतच नाहीत; ते संध्याकाळी शिंदीच्या दुकानाकडे वळतात.

या घबराटीवर झाडपाला घ्यावा की गोळी, हा वाद या भागात घराघरांत चालतो. खाली दिलेला संवाद एका घरातला नाही. अनेकांच्या तोंडी असलेलं बोलणं मी मामा आणि भाची अशा दोघांच्या तोंडी दिलं आहे. मामा मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, घरची कपाशी, झाडपाल्याची चांगली ओळख. भाची आदिलाबाद शहरात फार्मासिस्ट.

मामा: तुझ्या मामीला मी अश्वगंधा सुरू केली, माय. रोज रात्री दुधात चमचाभर. आता जरा झोपते ती.

भाची: मुळी कुठून आणली, मामा?

मामा: इंद्रवेल्लीच्या बाजारात एक म्हातारी गोंडीण गोणपाटावर मांडून बसते, तिच्याकडून. मी मुळी पाहून घेतली, मोडून पाहिली, वास घेतला. घरीच वाळवली, कुटली, वस्त्रगाळ केली. पाकिटातलं घेतलं नाही मी.

भाची: हे तुम्ही फार चांगलं केलंत. मुळी ओळखता येते, पूड ओळखता येत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियातून आलेली 70 आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली होती. 2004 साली तो अभ्यास छापून आला. 70 पैकी 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. घेणाऱ्यांपैकी कुणाला पुडीत काय आहे ते कळलं असेल?

मामा: मग? माझी मुळी तर चोख आहे. भांडण कशाचं?

भाची: भांडण नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. किती देता, कशाबरोबर देता आणि मामीच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का?

मामा: डॉक्टरांना काहून सांगायचं? ते काय म्हणणार ते ठाऊक आहे मला. "हे सगळं बंद करा." आणि ऐकून तरी कोण घेतं? तुझी मामी दवाखान्यात म्हणाली, जीव खाली-वर होतो. डॉक्टर तेलुगू, ती मराठी. नर्सबाईनं काय समजून सांगितलं देव जाणे. चिठ्ठीवर ॲसिडिटीची गोळी आली. दुसऱ्यांदा गेली तर झोपेची. ती गोळी घेतली की सकाळी बाई भिंतीला धरून चालायची. तिची चूल थांबली, शेत थांबलं. मग मी मुळी आणली तर मी अडाणी?

भाची: अडाणी कोण म्हणतंय? गोळीनं सुस्ती आली हे खरं, तिचं म्हणणं नीट पोचलं नाही हेही खरं. पण गोळी बंद केली का मग?

मामा: ...ती म्हणते, बंद केली. पण परवा डब्यात पट्टी दिसली. वाईट वाटलं की एखादी घेते.

भाची: म्हणजे मामी दोन्ही घेते. डॉक्टरांना पुडी माहीत नाही आणि तुम्हाला गोळी माहीत नव्हती.

इथे एक गोष्ट माझ्या वतीने सांगतो. या विषयावर बोलणारे बहुतेक लोक झाडपाला आणि गोळी यांच्यातच निवाडा करायला बसतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. घबराटीने हैराण झालेलं माणूस एकच वाट धरत नाही. जे जे हाताला लागतं ते ते घेतं, आणि प्रत्येक गोष्ट कुणा ना कुणापासून लपवतं. मामीच्या शरीरात मुळी आणि गोळी एकमेकांना भेटतात, पण त्या देणारी माणसं एकमेकांना भेटत नाहीत. धोका तिथे आहे.

मामा: अश्वगंधेनं काय होणार? आजोबा घ्यायचे, पणजोबा घ्यायचे. आणि तुझ्या सायन्सनंही मान्य केलं आहे म्हणे.

भाची: बऱ्याच अंशी केलं आहे, आणि ते आपल्या हैदराबादेतच. 2012 साली एक अभ्यास छापून आला. ताणतणावाने त्रासलेली 64 माणसं घेतली. निम्म्यांना अश्वगंधेच्या मुळीचा अर्क, 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कुपी. 60 दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचा ताण दुसऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला. नंतरही असे काही अभ्यास झाले. पण माणसं थोडी, काळ दोन-तीन महिन्यांचा. वर्षानुवर्षं रोज घेतल्याने काय होतं, हे त्यातून कळत नाही.

मामा: म्हणजे माझं बरोबर.

भाची: अर्धं. तो अर्क होता, तुमची पूड आहे. 300 मिलिग्रॅम अर्क आणि चमचाभर पूड यांचा हिशेब एक नाही. पुडीचं माप आयुर्वेदाच्या अधिकृत औषधसंहितेत 3 ते 6 ग्रॅम दिलेलं आहे. तुमचा चमचा किती ग्रॅमचा, भरून की शीग लावून?

मामा: शीग लावून. कमी दिलं तर गुण कसा येईल?

भाची: तोलून पाहा एकदा. सोनाराकडे नको, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही चालेल. आणि दुसरं. मामीला छातीत धडधड होते, हात कापतात, घाम येतो, वजन उतरलं आहे. ही लक्षणं काळजीचीही असतात आणि थायरॉइड जास्त चालत असेल तर त्याचीही. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढलेली आढळली आहेत. थायरॉइड आधीच जोरात असेल, तर ज्या धडधडीसाठी तुम्ही मुळी देता ती मुळीनेच वाढेल. ही तपासणी झाली आहे का तिची?

मामा: कुणी सांगितलीच नाही.

भाची: मग ती आधी. रक्तातलं लोह, साखर, रक्तदाब हेही पाहू. आणि यकृत. अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झालेले रुग्ण आइसलँड, अमेरिका आणि आपल्या भारतातल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहेत. संख्या थोडी आहे, बहुतेक जण मुळी बंद केल्यावर सावरले. पण ज्यांचं यकृत आधीच खराब होतं त्यांच्यावर ते जिवावर बेतलं. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली.

मामा: डेन्मार्कला काय कळतं अश्वगंधेतलं!

भाची: बंदी मलाही जरा टोकाची वाटते. पण डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी पुडी थांबवायची, हे तर घरात सगळ्यांना माहीत असायला हवं ना? आणि पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई, यांना अश्वगंधा द्यायची नाही. साखरेची, रक्तदाबाची, झोपेची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही.

मामा: तू इतकं भिववतेस की माणसानं दूधसुद्धा पिऊ नये. अगं, तुमच्या दवाखान्यात मन शांत करणारं औषध आलं कुठून? आमच्याच जंगलातून. सर्पगंधा! बिहारात तिला पागल की दवा म्हणून विकायचे. गोऱ्यांनी नंतर शोधली.

भाची: गोऱ्यांच्या आधी आपल्या माणसांनीच शोधली, मामा. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर लेख लिहिला, वेडावर आणि रक्तदाबावर ती चालते असा. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी तिच्या मुळीतून अजमलीन वेगळं काढलं, हकीम अजमल खानांचं नाव देऊन. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. 1957 मध्ये त्यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. मधे 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन काढलं आणि ते मनोरुग्णालयांत पोचलं.

मामा: बघ! मग झाडपाल्याला नावं कशाला ठेवतेस?

भाची: पुढचं ऐका ना. रिसर्पिन घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींना खोल उदासी आली, जगणं नको वाटू लागलं, अशा नोंदी डॉक्टरांनी केल्या. नाक चोंदणं, नाडी मंदावणं, रक्तदाब फार उतरणं, हे होतंच. नंतर अधिक बरी औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. मुळी खरी होती, गुण खरा होता, म्हणूनच तिचा अपायही खरा होता. ज्या वनस्पतीत काही दमच नाही ती तेवढी निर्धोक. जी मेंदूपर्यंत पोचते ती औषध आहे, मग ती झाडाला लागलेली असो की पट्टीत असो.

सर्पगंधेची ही कथा मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाची वाटते. मामांचा अभिमान योग्य आहे: ज्या मुळ्यांना शहरी माणसं जुनाट समजत होती त्यांतूनच आधुनिक मनोविकारशास्त्राच्या पहिल्या औषधांपैकी एक निघालं. आणि तिच्या मागे माणसं इतकी लागली की आज सर्पगंधेचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. झोपेच्या तेलात आणि काढ्यात घालतात ती जटामांसी हिमालयातली, तीही अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेली आहे. महाग आणि दुर्मीळ झालेल्या मुळीत भेसळ होते, हे ओघानेच आलं. म्हणून आदिलाबादच्या बाजारात जटामांसी स्वस्तात मिळाली तर ती जटामांसी असेलच, असं मी धरून चालणार नाही.

मामा: ब्राह्मी तरी? ती तर ओढ्याकाठी उगवते.

भाची: कोणती आणता? गोल पानाची की बारीक, जाड पानाची?

मामा: गोल पानाची.

भाची: ती मंडूकपर्णी. पाठ्यपुस्तकातली नीरब्राह्मी वेगळी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. भाजीत, चटणीत चार पानं खाल्ली तर काही बिघडत नाही. रोज वाटीभर रस प्यायचा असेल तर वैद्याला पान दाखवा. आणि वेखंड तेवढं सांभाळा. ताईच्या बाळाला उगाळून चाटवता ते. वेखंडात असारोन नावाचं द्रव्य असतं, त्यापायी अमेरिकेने 1968 मध्येच ते खाण्याच्या पदार्थांत घालायला मनाई केली.

मामा: बरं. पुड्यांचं तू म्हणतेस तसं करू. पण मी स्वतः काही औषध घेत नाही हो. ना मुळी, ना गोळी. संध्याकाळी एक बाटली शिंदी, बस. झाडाचं पाणी आहे ते. रात्री लागते झोप.

भाची: कोणत्या झाडाचं, मामा?

मामा: शिंदीच्या.

भाची: आपल्या शिवारात शिंदीची झाडं किती उरली आहेत? आणि दुकानात बाटल्या किती लागतात रोज?

मामा: ...

भाची: खरी शिंदी पहाटे गोड असते, दिवस चढला की आंबते. ताडाची असो की शिंदीची, झाड देईल तेवढीच. मागणी झाडांच्या कितीतरी पट. मग पाण्यात सॅकरीन आणि पावडर. ती पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. तेलंगणात अशी पावडर पुनःपुन्हा पकडली गेली आहे. अल्प्राझोलाम म्हणजे काय माहीत आहे? मामीला सुस्ती आणणाऱ्या गोळीच्या जातीचं औषध. आमच्या दुकानात ते एच-वन यादीत येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तेच औषध बाटलीत विनाचिठ्ठी, विनामाप मिळतं आणि तुम्ही म्हणता मी औषध घेत नाही.

मामा: मला नाही वाटत माझ्या दुकानात असं असेल.

भाची: मागे तुम्ही माहूरला लग्नाला गेला होतात. दोन दिवस शिंदी मिळाली नाही. मामी सांगत होती, तुमचे हात थरथरत होते, रात्रभर उठून बसला होतात, कुणीतरी हाक मारतंय असं म्हणत होतात.

मामा: प्रवासाचा शीण होता तो.

भाची: नुसत्या आंबलेल्या रसाची एक बाटली सुटली म्हणून माणसाला असे भास होत नाहीत, मामा. सप्टेंबर 2015 आठवा. सरकारने भेसळीच्या शिंदीवर धाडी घातल्या, दुकानं एकदम बंद पडली. निजामाबाद, महबूबनगरकडे माणसांना झटके येऊ लागले, भास होऊ लागले, दवाखाने भरले, काही माणसं मेली. शिंदी पिऊन नाही, शिंदी एकाएकी सुटली म्हणून. आणि भेसळीची पिऊनही मरतात. जुलै 2025 मध्ये हैदराबादेत कुकटपल्लीला तसंच झालं, कितीतरी जणांना डायलिसिसवर ठेवावं लागलं, काही वाचले नाहीत.

मामा: म्हणजे उद्यापासून बंद करतो.

भाची: नाही! तेच करायचं नाही. एकदम बंद करू नका. माझ्याबरोबर आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चला. तिथे डॉक्टर मापात गोळी देऊन ती हळूहळू उतरवतात. घरच्या घरी बंद केलं आणि रात्री झटका आला तर?

मामा: मनोविकार! गाव काय म्हणेल? मास्तर वेडा झाला?

भाची: म्हणू दे. गाव तुमच्या झटक्याच्या वेळी येणार आहे का?

मामा: तुझ्या मामीला काय सांगू?

भाची: खरं. तिने गोळी तुमच्यापासून लपवली, तुम्ही पुडी डॉक्टरांपासून, आणि शिंदी आपण दोघांनी आजवर औषधात धरलीच नाही. तिला मी घेऊन जाते. थायरॉइड पाहू. तिचं बोलणं मी स्वतः तेलुगूत सांगेन, एकही शब्द न गाळता. कापसाचं, कर्जाचंही सांगेन. कारण मामा, ओलाव्याच्या काट्यानं जी झोप उडाली आहे ती अश्वगंधेनं पूर्ण यायची नाही. गोळीनंही नाही. कर्जाची फेड बँकेत बसून ठरवावी लागेल, ते माझ्या नवऱ्याला सांगते.

मामा: आणि मुळी?

भाची: तपासण्या येईपर्यंत थांबवू. यकृत, थायरॉइड ठीक निघालं, गोळी नको असं डॉक्टर म्हणाले, तर वैद्याच्या मापानं, तोलून, दोन-तीन महिने देऊ. तुमची चोख मुळी आहेच. ती मी टाकून देणार नाही.

या दोघांत मी भाचीच्या बाजूचा आहे, पण मामांची एक बाजू मला सोडवत नाही. ज्या बाईचं दुखणं तिच्या भाषेत कुणी ऐकून घेत नाही, ती पुडीकडे जाणारच. त्या म्हाताऱ्या गोंडिणीने मामांना मुळी देताना विचारलं होतं, कुणासाठी, काय होतं, किती दिवस झाले. तेवढंही जिथे विचारलं जात नाही तिथे केवळ "झाडपाला घेऊ नका" असं सांगून काही होत नाही. सीमेवरच्या दवाखान्यांत मराठी आणि गोंडी समजणारं माणूस खिडकीजवळ बसवणं ही सोय नसून उपचाराचा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

वाचकांना माझं सांगणं एवढंच. घरात कुणाला घबराट होत असेल, झोप लागत नसेल, तर दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पुड्या, काढे, गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. शिंदी, ताडी, दारू घेत असाल तर तेही न लाजता सांगा. रोजची गोळी किंवा रोजची शिंदी स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडू नका. जगणं नको वाटण्यापर्यंत मजल गेली असेल, किंवा झटका, भास, कावीळ यांतलं काही दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोनला पैसे लागत नाहीत, सेवा चोवीस तास चालते, आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते.